पूर गावात येतो, निर्णय कुठे होतो?

मध्य प्रदेशातून तापी आणि विदर्भातून पूर्णा दुथडी भरून आली की भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडावे लागतात. एकूण ४१ दरवाजे. त्यातले किती उघडले, किती क्युसेक पाणी सुटलं, हा निरोप जलसंपदा विभागाकडून जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, तिथून तहसीलला, तहसीलहून तलाठ्याकडे आणि तलाठ्याकडून पोलीस पाटलाकडे. मग कोतवाल दवंडी देतो, देवळाच्या भोंग्यावरून सांगतात, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो. यावल-चोपड्यापासून शिरपूर-शहाद्यापर्यंत काठावरच्या गावांना ही साखळी पाठ आहे.

तरी काही घरं तिच्यातून सुटतात. काठावरच्या झोपडीत एकट्या राहणाऱ्या बाईला ऐकू येत नाही, दवंडी तिच्या दारावरून निघून जाते. पायाने अधू असलेल्या तरुणाला मेसेज वेळेत मिळतो, पण त्याची तीनचाकी सायकल चिखलातून चढावर जाणार कशी? पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या पाड्यावर सूचना मराठीत होते आणि म्हातारी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात. पण या प्रत्येकाची माहिती गावात कुणाकडे तरी नावानिशी असते. आशाताईकडे असते, बचतगटाच्या अध्यक्षांकडे असते, तालुक्यातल्या दिव्यांग संघटनेच्या कार्यकर्त्याकडे असते. बंदोबस्त ठरवणारी बैठक भरते तेव्हा मात्र यांतलं कुणी त्या खोलीत नसतं.

हा लेख त्या खोलीबद्दल आहे. आपत्तीच्या वेळी स्थानिक संस्था, महिलांच्या संघटना आणि दिव्यांगांच्या संघटना यांना निर्णयात पुढे आणा, असं गेली काही वर्षं जगभर बोललं जातंय. ते बोलणं इतक्या जड भाषेत चालतं, की ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापर्यंत ते येतच नाही. म्हणून ते खान्देशच्या हिशेबाने उलगडून बघू.

समन्वय म्हणजे नेमकं काय ठरवायचं

मदत कमी पडते ही तक्रार खरी असते. पण पुष्कळदा मदत येते आणि भलतीकडे जाते. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी शहरात आणि आसपासच्या गावांत घुसलं, कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. ऑगस्ट २०१८ मध्ये नवापुरात रंगावलीने घरं वाहून नेली. अशा कोणत्याही पुरात बाहेरून निघालेला टेम्पो जिथवर डांबरी रस्ता आहे तिथवर जातो. हमरस्त्यावरच्या गावात चादरी तीनदा वाटल्या जातात आणि फरशी पूल वाहून गेलेल्या गावाला एकही मिळत नाही. जुन्या कपड्यांचे ढीग पडतात, पण पिण्याचं पाणी साठवायला झाकणाचं भांडं नसतं.

कोणी कोणतं गाव घ्यायचं, पाणी कोण बघणार, औषधं कोण आणणार, कुणाची यादी खरी धरायची, निवारा कोणत्या शाळेत करायचा, आधी कुठे जायचं आणि नंतर कुठे, हे सगळं एकत्र बसून ठरवणं म्हणजे समन्वय. वरवर हे कारकुनी काम वाटतं. पण ज्याची यादी धरली जाते त्याच्या वस्तीत मदत जाते, म्हणून खरी सत्ता याच कामात असते.

जागतिक पातळीवर याची घडी १९९१ च्या डिसेंबरात बसायला लागली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ४६/१८२ हा ठराव केला. त्यातून आपत्कालीन मदतीच्या समन्वयकाचं पद निर्माण झालं आणि मोठ्या मदत संस्थांना एकत्र बसवणारी आंतरसंस्था स्थायी समिती आली. २००५ मध्ये पुढची पायरी आली, क्लस्टर पद्धत. मदतीचे विषयवार गट पाडायचे आणि प्रत्येक गटाची जबाबदारी एखाद्या संस्थेवर टाकायची. पाणी आणि स्वच्छता युनिसेफकडे, आरोग्य जागतिक आरोग्य संघटनेकडे, मालवाहतूक जागतिक अन्न कार्यक्रमाकडे, असे ११ गट. त्याच वर्षी ऑक्टोबरात पाकिस्तानात झालेल्या भूकंपात ही पद्धत पहिल्यांदा वापरली गेली.

या पद्धतीने गोंधळ कमी झाला, हे मान्य करायला हवं. पण गटांचं नेतृत्व जवळपास सगळं मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांकडे गेलं. बैठका राजधानीत, इंग्रजीत, लॅपटॉप उघडून. पहिल्या रात्री हातांनी ढिगारा उपसणारी गावातली संस्था त्या बैठकीला पोहोचलीच तर मागच्या रांगेत बसायची आणि निघताना तिच्या हातात वाटपाचं वेळापत्रक पडायचं. आपल्याकडे लग्नात गावातली पोरं वाढपी म्हणून हवीच असतात, पण स्वयंपाक कुठला, पंगत किती माणसांची आणि आधी कुणाची, हे ठरवताना त्यांना कुणी विचारत नाही. स्थानिक संस्थांचं बरीच वर्षं असंच चाललं.

२०१६ च्या मे महिन्यात इस्तंबूलला जागतिक मानवतावादी परिषद भरली. तिथे देणगीदार देश आणि मोठ्या संस्थांनी 'ग्रँड बार्गेन' नावाचा करार केला. त्यातलं सर्वात गाजलेलं वचन असं, की २०२० पर्यंत मदतीच्या पैशांपैकी किमान २५ टक्के रक्कम शक्य तितकी थेट स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांकडे जाईल. मुदत उलटून गेली, थेट पोहोचणारा वाटा एक आकडी टक्क्यांतच अडकला. मग २०२१ मध्ये आंतरसंस्था स्थायी समितीने वेगळं मार्गदर्शन काढलं. त्याचा रोख पैशांपेक्षा बैठकीवर आहे: समन्वयाच्या गटांत स्थानिक संस्थांना फक्त हजेरीला बोलावू नका, नेतृत्वाचा वाटा द्या, भाषांतराची सोय करा, कार्यक्रमपत्रिका आधी पाठवा. त्याआधी २०१९ मध्ये याच समितीने दिव्यांगांना मदतकार्यात कसं सामील करायचं याची मार्गदर्शिका काढली होती. मला यातली दुसरी गोष्ट, बैठकीची, जास्त महत्त्वाची वाटते. पैशांचा प्रश्न दिल्ली आणि जिनिव्हाच्या हातात आहे. बैठक आपल्या जिल्ह्यात भरते.

आपल्या जिल्ह्यात खुर्च्या कोणाच्या

भारतात आपत्तीच्या कामाची सूत्रं सरकारच्या हातात असतात, आणि ते योग्यच आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणलं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत ते आहे. अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि अध्यक्षांखेरीज जास्तीत जास्त सात सदस्य. त्यांत सहअध्यक्ष म्हणून जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, मग प्राधिकरणाचे मुख्य कार्यकारी अधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी आणि आणखी दोनपर्यंत जिल्हास्तरीय अधिकारी. म्हणजे लोकांनी निवडून दिलेलं माणूस साधारण एकच. जिल्हा परिषदेची मुदत संपून प्रशासक आला की तीही खुर्ची मोकळी पडते. जळगावात २०२२ मध्ये हे झालं.

या यादीत संघटनांना जागा नाही. पण याच कायद्यात दोन वाटा आहेत आणि त्यांच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. कलम २८ म्हणतं, की प्राधिकरणाला गरजेप्रमाणे सल्लागार समित्या आणि इतर समित्या नेमता येतात. कलम ३० मध्ये प्राधिकरणाची कामं दिली आहेत, त्यांत तळागाळात काम करणाऱ्या स्वयंसेवी आणि समाजकल्याण संस्थांना आपत्ती व्यवस्थापनात सामील होण्यासाठी प्रोत्साहन देणं हेही एक काम आहे. म्हणजे बचतगटांच्या संघाला किंवा दिव्यांग संघटनेला बोलावलं, तर जिल्हाधिकारी कायद्याने सांगितलेलं काम करत असतात. त्यात मेहेरबानीचा भाग नाही.

याच कायद्यात एक उणीवही आहे. मूळ कायद्याचं कलम ६१ सांगतं, की भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. त्या यादीत अपंगत्व नाही. २००५ साली ते कुणाच्या ध्यानात आलं नसेल, कारण तेव्हा त्या खोलीतही ते ध्यानात आणून देणारं कुणी बसलेलं नसावं. ती उणीव पुढे दुसऱ्या कायद्याने बरीचशी भरून काढली.

दिव्यांगांच्या संघटना: कायदा त्यांच्या बाजूने आहे

इथे एक फरक आधी स्पष्ट करायला हवा. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्था वेगळ्या आणि दिव्यांगांनी स्वतः चालवलेल्या संघटना वेगळ्या. पहिल्या प्रकारच्या संस्था शाळा चालवतात, शिबिरं घेतात, कृत्रिम अवयव बसवून देतात. ते काम मोलाचं आहे. पण 'आम्हाला काय हवं' हे सांगण्याचा अधिकार दुसऱ्या प्रकारच्या संघटनांचा. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, जो भारताने २००७ मध्ये मान्य केला, दिव्यांगांशी संबंधित निर्णय त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांशी सल्लामसलत करून घ्यावेत असं लिहिलं आहे. त्याच कराराचं कलम ११ युद्ध, आपत्ती आणि धोक्याच्या प्रसंगांत त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी सरकारवर टाकतं.

त्याला धरून आपला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. त्याचं कलम ८ प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्याने पाठ करावं असं आहे. ते म्हणतं, की आपत्तीत दिव्यांगांना इतरांइतकंच संरक्षण मिळालं पाहिजे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांच्या तपशिलाची नोंद ठेवली पाहिजे आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी सोय केली पाहिजे. आपत्तीनंतरचं बांधकाम राज्याच्या दिव्यांग आयुक्तांशी सल्लामसलत करून, सर्वांना वापरता येईल असं झालं पाहिजे. ही शिफारस नाही, कायद्याने घातलेली जबाबदारी आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांना सामावून घेणाऱ्या आपत्ती नियोजनाच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या.

आता ती नोंद कोण करणार? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले. तेव्हा अपंगत्वाचे प्रकार कमी धरले होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. त्या २१ मध्ये सिकलसेल आहे, आणि इथे नंदुरबारचा थेट संबंध येतो. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांत हा आजार मोठ्या प्रमाणात आहे. अंगातलं पाणी कमी झालं की रुग्णाला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. रोजची गोळी चुकवून चालत नाही. धडगाव-मोलगीकडचा रस्ता चार दिवस बंद पडला, किंवा मे महिन्यात पाड्यावरची विहीर आटली, की हा माणूस धोक्यात येतो. कागदावर तो दिव्यांग, पण आपत्तीच्या यादीत त्याचं नाव येईलच याची खात्री नाही. कारण यादी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दिव्यांग म्हटलं की कुबडी किंवा व्हीलचेअर येते.

उन्हाचंही तसंच. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा आपण पाणी प्या, सावलीत बसा, एवढं सांगून मोकळे होतो. मणक्याला इजा झालेल्या माणसाला इजेच्या खालच्या भागात नीट घाम येत नाही, त्यामुळे त्याचं शरीर थंड होऊ शकत नाही. मानसिक आजाराच्या काही औषधांनी उष्माघाताचा धोका वाढतो. हे कळायला जिल्ह्याच्या उष्णतेच्या आराखड्यावर अशा दोन माणसांचं म्हणणं घेतलं तरी पुरे.

आणखी एक बाब खान्देशाबाहेरच्या माणसाला सुचणार नाही. दिवाळी झाली की नंदुरबार आणि धुळ्याच्या डोंगरपट्ट्यातली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत आणि इतरत्र जातात. कष्ट करू शकणारे सगळे जातात. पाड्यावर म्हातारी माणसं, आजारी आणि दिव्यांग मागे राहतात. त्यानंतर उन्हाळा येतो, टँकर येतो, विहिरीत पाणी ओततो आणि जातो. ते पाणी शेंदून घरी आणणारे हात तेव्हा ऊसाच्या फडात असतात. नकाशावर त्या पाड्याला पाणीपुरवठा झालेला असतो.

महिलांच्या संघटना आणि किल्लारीचा धडा

महिलांना मदत मिळणं आणि महिलांनी मदतीचं नेतृत्व करणं यांत फार अंतर आहे. पहिलं आपल्याकडे थोडंफार होतं. दुसऱ्याचं सर्वात चांगलं उदाहरण महाराष्ट्रातच आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसं गेली. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. सुरुवातीला तो ठेकेदार आणि अभियंत्यांचा कार्यक्रम होता. घरं कशी बांधायची ते तेच ठरवत होते. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने सरकारपुढे वेगळी मांडणी ठेवली, की गावातल्या महिला मंडळांना या कामात अधिकृत भूमिका द्या. त्यातून गावोगाव महिला 'संवाद सहायक' झाल्या. त्यांचं काम होतं दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचं तंत्र गावाला समजावणं, अनुदानाचे हप्ते कसे मिळतात हे सांगणं, काम नीट होतंय की नाही हे बघणं आणि गावाची तक्रार अभियंत्यापर्यंत नेणं. भिंतीत आडवा पट्टा कुठे यायला हवा हे गृहिणी गवंड्याला सांगू लागल्या. पुढे २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बायका तिथल्या बायकांना भेटायला गेल्या, कारण त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं.

मला या गोष्टीतला एक तपशील सर्वात मोलाचा वाटतो. या महिलांना शासनाने अधिकृत नेमणूक दिली होती. त्या मदतनीस म्हणून आपणहून आल्या नव्हत्या. अभियंत्याला त्यांचं ऐकून घेणं भाग होतं. नेतृत्व म्हणतात ते यालाच. पद, काम आणि त्या पदाला बांधलेली प्रशासनाची जबाबदारी, तिन्ही एकत्र. यांतलं एक काढलं की उरते ती स्वागताला उभी केलेली महिला.

खान्देशात बायकांनी पुढाकार घेणं नवीन नाही. १९७० च्या दशकात शहाद्यात आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या काळात आदिवासी महिलांनी दारूच्या भट्ट्या फोडल्या, शिबिरं भरवली, मजुरीच्या प्रश्नावर मोर्चे काढले. आज त्यांच्या नातींचे बचतगट आहेत. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे ग्रामसंघ आणि प्रभागसंघ (बचतगटांचे गाव आणि प्रभाग पातळीवरचे संघ) आहेत, माविमची, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाची, लोकसंचालित साधन केंद्रं आहेत. त्यांना पैशांचा हिशोब येतो, इतिवृत्त लिहिता येतं, एका फोनवर पन्नास घरांत निरोप जातो. कोविडच्या काळात मास्क शिवण्यासाठी त्यांची आठवण झाली. आराखडा करताना ती होत नाही.

झाली तर काय बदलेल? निवाऱ्याच्या शाळेत संडासाचा दिवा आणि आतली कडी या गोष्टी पहिल्या दिवशी होतील. पंचनाम्याच्या वेळी सातबारावर नाव नसलेली, पण शेत कसणारी विधवा सुटणार नाही. कुटुंबाला एक किट देताना दारू पिणाऱ्या नवऱ्याच्या हातात ते पडलं तर काय, हा प्रश्न कुणीतरी विचारेल. बाळंतपण जवळ आलेल्या बायकांची नावं आधीच तयार असतील. नर्मदाकाठच्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या गावांत होडीशिवाय दवाखाना गाठता येत नाही, तिथे तर ही यादी म्हणजे जीव.

पैसा अडतो कुठे

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण तो टाळला तर बाकीचं हवेत राहील. परदेशी निधी स्वीकारण्याचा कायदा २०२० मध्ये बदलला. आता परदेशी देणगी मिळालेली संस्था ती रक्कम दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आधी मुंबई-पुण्याची मोठी संस्था तळोद्याच्या छोट्या संस्थेला निधी देऊन काम करून घ्यायची. तो रस्ता बंद झाला. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा पैसा हा दुसरा रस्ता. २०१९ पासून आपत्ती व्यवस्थापनही त्यात बसतं. पण तो मिळवायला नोंदण्या, लेखापरीक्षण, प्रस्ताव आणि ओळखी लागतात. तालुक्याच्या दिव्यांग संघटनेकडे बहुधा एक रबरी शिक्का आणि वर्गणीची वही असते.

त्यामुळे मोठी संस्था येते, स्थानिक माणसं रोजंदारीवर घेते, काम संपलं की जाते. फोटो आणि अहवाल तिच्याकडे राहतात. गावाची नावानिशी माहिती मात्र स्थानिक संघटनेने फुकट दिलेली असते. मला हे अन्यायाचं वाटतं. माहिती गोळा करायला पेट्रोल लागतं, वेळ लागतो, वर्षानुवर्षांचा विश्वास लागतो. कुणी भागीदारी म्हणत असेल तर त्या पेट्रोलचा, कार्यालयाच्या भाड्याचा आणि सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचा खर्च अंदाजपत्रकात हवा.

थोडा पैसा गावातही आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर आणि १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे आहेत. लहान गावात ही रक्कम फार होत नाही. पण कर्णबधिर माणसाच्या घरी लुकलुकणारा इशारा दिवा, किंवा निवाऱ्याच्या शाळेला उतार, एवढं तरी त्यातून मागता येतं.

आक्षेप खरे आहेत

अधिकारी म्हणतात, पाणी चढत असताना सगळ्यांना विचारत बसलो तर माणसं वाचवणार कधी? बरोबर आहे. पाणी चढत असताना बोट कुठे न्यायची हे एकानेच ठरवावं. पण ते ठरवताना त्याच्या हातात असणारी यादी मे महिन्यात बनते, निवाऱ्याची जागा मे महिन्यात ठरते. सल्ला तेव्हा घ्यायचा.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. स्थानिक संस्था म्हणजे आपोआप न्यायी, असं नाही. गावात जातीचं बळ असतं, भाऊबंदकी असते, पुढाऱ्यांच्या संस्था असतात. गावठाणातल्या महिला मंडळाला वेशीबाहेरच्या भिल्ल वस्तीतली बाई दिसेलच असं नाही. दिव्यांग संघटनेतही चालू-फिरू शकणारे पुरुष पुढे असतात आणि मतिमंद मुलीच्या आईचा आवाज मागे राहतो. म्हणून 'स्थानिक' या एका शब्दावर समाधान मानून चालणार नाही. भिल्ल, पावरा, तडवी, मावची समाजांतल्या महिला, दिव्यांग महिला, एकल महिला यांनी स्वतः निवडलेली माणसं हवीत. आणि एक नको, निदान दोन-तीन हवीत. पंधरा साहेबांसमोर एकटी बाई बसली की तिचं बोलणं फार तर आभारापर्यंत जातं.

बैठकीची जागाही बघावी लागते. दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात लिफ्ट बंद असेल तर निमंत्रणाला अर्थ नाही. धडगावहून नंदुरबारला सकाळी ११ च्या बैठकीला यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, ती भरून मिळायला हवी. पावरी-भिलीतून मराठीत सांगणारं कुणी हवं. कागद आठ दिवस आधी मराठीत हवेत. आणि इतिवृत्तात कुणी काय सुचवलं ते नावानिशी यायला हवं, म्हणजे पुढच्या वर्षी विचारता येतं की त्याचं काय झालं.

याद्यांबाबत एक सावधगिरी. कोणती बाई एकटी राहते, कोणत्या घरात ऐकू न येणारी मुलगी आहे, ही माहिती वाईट माणसाच्या हाती पडली तर घातक आहे. ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊ नये. यादी कुणाकडे राहील आणि कुणाला कधी दाखवली जाईल हेही त्या बायकांना आणि संघटनांना विचारूनच ठरवावं.

आता कुठून धरायचं

कायद्याप्रमाणे जिल्हा आपत्ती आराखड्याचा दरवर्षी आढावा घेऊन तो अद्ययावत करायचा असतो. पावसाळ्याआधी, साधारण एप्रिल-मे मध्ये, जिल्हा आणि तालुका पातळीवर मान्सूनपूर्व बैठका होतात. संघटनांनी त्याच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्येच, जिल्हाधिकाऱ्यांना प्राधिकरणाचे अध्यक्ष या नात्याने लेखी अर्ज द्यावा. त्यात तीन मागण्या पुरेत. कलम २८ खाली सल्लागार समिती नेमा आणि तिच्यावरची नावं आम्हाला सुचवू द्या. २०१६ च्या कायद्याच्या कलम ८ प्रमाणे दिव्यांगांची नोंद आज कुठे आणि किती आहे ते कळवा. मान्सूनपूर्व बैठकीचं निमंत्रण पाठवा. बचतगटांचा प्रभागसंघ आणि दिव्यांग संघटना यांनी एकाच अर्जावर सह्या केल्या तर त्याचं वजन वाढेल, आणि दोघांची ओळखही होईल. एकाच तालुक्यात वर्षानुवर्षं काम करून या दोन संघटना एकमेकींना भेटलेल्या नसतात, असं मी पाहिलंय.

गाव पातळीवर ग्रामसभेत विषय घ्यावा: पूर आला, वीज गेली, रस्ता तुटला तर कुणाच्या घरी कोण जाणार. प्रत्येक नावापुढे दोन शेजाऱ्यांची नावं, कारण एक ऊसतोडीला गेलेला असू शकतो.

आणि जिल्ह्याचा आराखडा मिळवून वाचा. तो सार्वजनिक कागद आहे, मिळाला नाही तर माहिती अधिकारात मागता येतो. त्याच्या शेवटच्या पानांवर फोन नंबर असतात: तहसीलदार, पोलीस ठाणी, रुग्णालयं, पोहणारे, क्रेनवाले. त्यांत आपल्या तालुक्यातल्या एका तरी महिला संघाचा आणि एका तरी दिव्यांग संघटनेचा नंबर आहे का ते बघा. नसेल तर अर्जात चौथी मागणी तीच लिहा, आणि आवक शाखेतून अर्जाची पोच घेऊनच बाहेर पडा.